शाळा मुलांना काय सांगते?

  

आज हप्ता, व्याज, कर्जमंजुरी यातलं काही बोलायचं नाही. जून महिना आहे, शाळा उघडल्यात. वह्या, दप्तर, गणवेश, सगळ्यांचीच धावपळ झाली. या दिवसांत गटातून अंतर्गत कर्ज उचललं जातं ते बहुतेक पोरांच्या शाळेसाठीच. एवढा पैसा आणि एवढा जीव आपण शाळेत घालतो, तर शाळा पोरांना काय शिकवते हेही बघायला हवं. गणित आणि मराठी तर ती शिकवतेच. पण कोण वरचा, कोण खालचा, कुणाला मान द्यायचा आणि कुणाला नाही, हेसुद्धा पोरं शाळेतच शिकतात. आणि ते शिकून मोठी होताना अन्यायापुढं गप्प बसायचं की उभं राहायचं, हेही तिथंच बरंचसं ठरतं. हा आजचा विषय.

यासाठी आपण दोन लांबच्या देशांत जाऊन येऊ. एक अमेरिका, दुसरा दक्षिण आफ्रिका. तिथं भेद होता कातडीच्या रंगाचा. गोरा तो वरचा, काळा तो खालचा. याला वंशभेद किंवा वर्णभेद म्हणतात. बसमधली जागा वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, पोरांची शाळाही वेगळी. आणि हे सगळं कायद्यानं.

शाळा पोरांशी तीन प्रकारे बोलते. एक, पुस्तकातून. दुसरं, नियमातून आणि वागणुकीतून, म्हणजे कुणाला पुढं बसवलं, कुणाला झाडू दिला, कुणाला हाक कशी मारली. आणि तिसरं, गप्प राहून. ज्या गोष्टीवर गुरुजी-बाई कधीच बोलत नाहीत, तिच्याबद्दल बोलायचं नसतं असं पोरं शिकतात. लहान पोरांना हे तिन्ही प्रकार कळतात.

किती कळतात ते ऐका. अमेरिकेत केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क नावाचं एक काळं जोडपं होतं. दोघंही मानसशास्त्र शिकलेले. १९४० च्या सुमाराला त्यांनी लहान काळ्या मुलांपुढं बाहुल्या ठेवल्या, काही गोऱ्या, काही सावळ्या. बाकी सगळं सारखं, फरक रंगाचा. मग विचारलं, यातली चांगली बाहुली कुठली? वाईट कुठली? बऱ्याच मुलांनी गोरीला चांगली म्हटलं आणि सावळीला वाईट. मग शेवटचा प्रश्न केला, यातली तुझ्यासारखी कुठली? काही मुलं तिथंच रडायला लागली. आत्ता जिला वाईट म्हटलं, तिच्याकडंच बोट दाखवायचं होतं ना! पुढं १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या सरकारी शाळा वेगळ्या ठेवणं घटनेविरुद्ध ठरवलं. त्या खटल्यात या बाहुल्यांचा अभ्यासही पुढं ठेवला होता.

म्हणजे पोर शाळेत जायच्या आधीपासून काहीतरी ऐकतच असतं. शाळा त्यावर एक तर शिक्का मारते, नाहीतर ते पुसते. पुसणारं कुणी भेटलं तर काय होतं, त्याची गोष्ट आता सांगतो.

अमेरिकेत अलाबामा नावाचं राज्य आहे, तिथं माँटगोमेरी हे शहर. तिथल्या एका काळ्या मुलीचं नाव क्लॉडेट कोल्विन. तिच्या लहानपणी काळ्या लोकांना दुकानात चप्पल-बूट पायात घालून बघायची सोय नव्हती. गोऱ्यांनी घ्यायच्या वस्तूला काळ्यांचा पाय कसा लागू द्यायचा! मग ही पोर घरी कागदी पिशवीवर पाऊल ठेवायची, पेन्सिलनं आकार काढायची आणि तो कागद दुकानात न्यायची. मैत्रिणींनो, असल्या गोष्टी समजावून सांगायला परदेशातलं उदाहरण लागत नाही. शिवायचं नाही, वरून ओतायचं, लांबून टाकायचं, हे आपल्याकडं कुणाला माहीत नाही?

क्लॉडेटच्या शाळेत फक्त काळी मुलं होती. सरकारी पुस्तकात काळ्या माणसांचा अभिमान वाटावा असं फार काही नसायचं. पण कार्टर वुडसन नावाच्या एका काळ्या इतिहासकारानं १९२६ साली एक प्रथा सुरू केली होती. फेब्रुवारीतला एक आठवडा शाळांनी काळ्या लोकांचा इतिहास शिकवायचा. क्लॉडेटच्या शिक्षकांनी तो मनापासून शिकवला. हॅरिएट टबमन ही गुलामगिरीतून स्वतः पळाली आणि पुन्हा पुन्हा मागं जाऊन इतरांना सोडवून आणलं. सोजर्नर ट्रूथ ही गुलामगिरीतून सुटून गावोगाव भाषणं करत फिरली. या दोघींची माहिती पोरांना दिली. देशाची राज्यघटना शिकवली. आणि आपल्या शहरात आज काय चाललंय, तेही वर्गात बोलले.

लगेच पुढच्या महिन्यात, २ मार्च १९५५ ला, क्लॉडेट शाळेतून बसनं घरी निघाली होती. वय १५ वर्षं. एक गोरी बाई चढली. ड्रायव्हरनं क्लॉडेटला जागा सोडायला सांगितलं. ती उठली नाही. पोलीस आले, तिला ओढून खाली उतरवलं, हातात बेड्या घातल्या, तुरुंगात नेलं. उठली का नाहीस, असं तिला पुढं अनेकांनी विचारलं. ती सांगायची, एका खांद्यावर हॅरिएट टबमनचा हात होता आणि दुसऱ्यावर सोजर्नर ट्रूथचा. त्या दोघींनी मला दाबून बसवलं होतं.

वर्गात शिकवलेला धडा एका मुलीच्या अंगात किती मुरतो बघा. त्या शहरात बसचा अपमान रोजचाच होता, हजारो जणी सोसत होत्या. क्लॉडेटला त्या अपमानाचं नाव कळलं होतं. हा आपला दोष नाही, हा अन्याय आहे, आणि आपल्या आधी बायकांनी त्याला तोंड दिलंय, हे तिला शाळेनं दिलं.

नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला, त्याच शहरात रोझा पार्क्स याही बसमध्ये जागेवरून उठल्या नाहीत. त्यांचं नाव जगाला माहीत झालं. काळ्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, पायी चालले. पण बसचा कायदा मोडला तो कोर्टात, आणि त्या खटल्यात उभ्या राहिल्या चार बायका. त्यातली एक क्लॉडेट. १९५६ च्या डिसेंबरात बसमधला भेद संपला.

आता दुसरा देश, दक्षिण आफ्रिका. इथं शाळेनं नेमकं उलटं काम केलं. १९४८ ला तिथं जे गोरं सरकार आलं, त्यानं वर्णभेदाचं धोरणच आखलं. १९५३ मध्ये काळ्या मुलांच्या शिक्षणाचा वेगळा कायदा आणला. त्यामागचा मंत्री होता फेरवुर्ट, जो पुढं पंतप्रधान झाला. त्याचं म्हणणं उघड होतं. काळ्या माणसाला गोऱ्यांच्या समाजात मजुरीपलीकडं जागा नाही, मग त्याच्या पोराला गणित शिकवून काय उपयोग? म्हणून शाळा अशी करा की पोर आपली पायरी ओळखून मोठं होईल. एका गोऱ्या मुलावर जेवढा पैसा सरकार खर्च करायचं, त्याच्या कितीतरी पट कमी काळ्या मुलावर. वर्ग खच्चून भरलेले, पुस्तकं अपुरी.

१९७४ साली आणखी एक हुकूम निघाला. काळ्या मुलांनी गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्स भाषेतून शिकायचं. आफ्रिकान्स ही राज्य करणाऱ्या गोऱ्यांची भाषा. ती ना पोरांना धड येत होती, ना त्यांच्या शिक्षकांना. विचार करा, सातवी-आठवीच्या पोराला अचानक परक्या भाषेत गणित सोडवायला लावलं, तर ते नापास होणार नाही तर काय? आणि नापास झालं की म्हणायला मोकळे, बघा, यांना डोकंच नाही.

पण त्याच शाळांमध्ये काही शिक्षक दुसरं काही सांगत होते. जोहान्सबर्ग शहराच्या कडेला सोवेटो नावाची काळ्या लोकांची मोठी वस्ती आहे. तिथल्या मॉरिस आयझॅकसन शाळेत ओंकगोपोत्से तिरो नावाचा तरुण इतिहास शिकवायला आला. काळ्यांच्या शिक्षणावर पदवीदान समारंभात उघड टीका केली म्हणून त्याला १९७२ मध्ये विद्यापीठातून काढलं होतं. स्टीव्ह बिको आणि त्यांचे विद्यार्थी साथीदार त्या काळात सांगत होते की काळ्या माणसानं आधी स्वतःला कमी समजणं सोडावं. तिरो त्याच विचाराचा. सरकारी पुस्तकात लिहिलंय ते सगळं खरं मानू नका, प्रश्न विचारा, असं तो पोरांना सांगायचा. सरकारनं त्याला तिथं टिकू दिलं नाही. त्याला देश सोडावा लागला, आणि १९७४ मध्ये पार्सलमधून आलेल्या बॉम्बनं त्याचा जीव घेतला. पण शिकवलेलं मागं राहिलं. सोवेटोच्या आंदोलनाचा पुढारी त्सिएत्सी माशिनिनी हा त्याच शाळेतला पोरगा.

१६ जून १९७६. बुधवार होता. आई-बाप रोजच्यासारखे पहाटे गाडी पकडून शहरात कामाला गेले होते. बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी आणि मुलं सांभाळायला. पोरांनी घरी फारसं काही सांगितलं नव्हतं. गणवेशातच हजारो मुलं रस्त्यावर आली. हातात लिहिलेले फलक, आफ्रिकान्स नको. तोंडी गाणी. हातात शस्त्र नाही. पोलिसांनी आधी अश्रुधूर सोडला, मग गोळ्या चालवल्या. हेक्टर पीटरसन नावाचा १२ वर्षांचा मुलगा पडला. एम्बुयिसा माखुबू या मोठ्या मुलानं त्याला उचललं आणि पळत सुटला. बाजूला हेक्टरची बहीण अँटोनेट, हात वर करून आक्रोश करत धावतेय. सॅम न्झिमा या छायाचित्रकारानं तो क्षण टिपला, आणि ते चित्र जगभर गेलं.

पुढचे कित्येक महिने देशभर पोरं रस्त्यावर येत राहिली. शेकडो जीव गेले. एम्बुयिसाच्या मागं पोलीस लागले, तो देश सोडून गेला. १९७८ मध्ये नायजेरियातून त्याचं पत्र आलं. त्यानंतर आईला पोराचा पत्ता लागला नाही.

ही गोष्ट सांगताना आमचा आवाज जड होतो. पोरांनी गोळ्या खाल्ल्या याचं कौतुक करायला आम्ही ती सांगत नाही. पोरं लढायला उतरली तेव्हा घरातल्या मोठ्यांना खबरच नव्हती, हे त्यातलं सगळ्यात बोचणारं. त्या रात्री आया शहरातून परतल्या, त्या पोरांना दवाखान्यात आणि शवागारात शोधत फिरायला. त्यानंतर मात्र मोठी माणसंही पुढं आली. पालकांची संघटना उभी राहिली, त्यात विनी मंडेलाही होत्या. अंत्यविधी, वकील, जखमींची मदत, सगळं त्यांनी अंगावर घेतलं. सरकारला जुलैमध्येच भाषेचा हुकूम मागं घ्यावा लागला. वर्णभेद पूर्ण जायला मात्र १९९४ उजाडलं. आज १६ जून हा तिथं युवा दिन आहे, सार्वजनिक सुट्टीचा. आपल्याकडं पोरं नव्या वह्या घेऊन शाळेत निघतात, तेच हे दिवस.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं, आता कायदे बदलले. कायदे बदलले की शाळा नियमांतून बोलते. २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरिया शहरात मुलींच्या एका नावाजलेल्या सरकारी शाळेत काळ्या मुली उभ्या राहिल्या. त्यांचे केस जन्मतः कुरळे, दाट, वर उभे राहणारे. शाळेत त्यांना केस सरळ करा, नीटनेटके ठेवा म्हणून सांगितलं जायचं. नीटनेटकं म्हणजे काय, तर गोऱ्या मुलींसारखं. पोरींनी केस मोकळे सोडून, हात उंचावून शाळेतच निषेध केला. मंत्र्याला शाळेत यावं लागलं आणि तो नियम थांबवला गेला.

आणि कधी शाळेला गप्प करायचा प्रयत्न होतो. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर पोलिसानं गुडघा दाबून धरला, त्यात तो मेला. ते मोबाईलवर टिपलं होतं १७ वर्षांच्या एका मुलीनं. देशभर तरुण पोरं रस्त्यावर आली. त्यानंतर तिथल्या काही राज्यांनी वंशभेदाबद्दल वर्गात काय शिकवायचं यावर बंधनं घालणारे कायदे केले. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या यॉर्क भागात शाळा चालवणाऱ्या मंडळानं पुस्तकांची आणि धड्यांची एक भली मोठी यादीच वर्गात वापरायला बंद केली. तीत रोझा पार्क्सवरचं लहान मुलांचं पुस्तकही होतं. शाळेतली पोरं रोज सकाळी घंटा व्हायच्या आधी फलक घेऊन दारात उभी राहायला लागली. सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळानं बंदी उठवली.

बंदी घालणारे सहसा म्हणतात, आपल्याकडं सगळे सारखेच, मग भेदाची गोष्ट काढून पोरांची मनं कशाला कलुषित करायची? ऐकायला गोड वाटतं. पण ज्या पोराला रोज टोमणे बसतात, त्याला यातून कळतं की चूक आपलीच असेल, कारण शाळेत तर सगळे सारखे. आणि ज्याला कधीच बसत नाहीत, त्याला वाटतं की असं काही नसतंच. पहिलं पोर आतल्या आत कुढतं. दुसरं पोर मित्राचा अपमान होताना उभं राहून बघतं. दोघांपैकी कुणीच काही करत नाही. जिथं शाळा खरं बोलते, तिथं पहिल्याला शब्द मिळतात आणि दुसऱ्याला जबाबदारी.

हे आपल्या मातीला नवं नाही. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्या लोकांची गुलामगिरी मोडायला झीज सोसली. त्या काळात, इथं पुण्यात बसून, आपलं दुःख आणि त्यांचं दुःख एक आहे हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वय १४ च्या आसपास. धर्मानं आम्हाला माणूस का मानलं नाही, हे तिनं त्यात विचारलं. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही नसतं, हेही लिहिलं. तो निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या शाळेनं त्या पोरीला सांगितलं की तू विचार करू शकतेस, त्या शाळेचं हे फळ.

मग आपण काय करायचं? तीन कामं सांगतो. तिन्ही बिनपैशाची आहेत.

पहिलं. शाळेतून आल्यावर पोरांना आपण विचारतो, डबा खाल्लास का, अभ्यास काय दिला. त्यात आणखी एक प्रश्न घाला. आज वर्गात कुणाला वाईट वाटेल असं कुणी बोललं का? शेजारी कोण बसलं, जेवायला कोण कुणाबरोबर बसलं, वर्ग कुणी झाडला? उत्तर आलं की लगेच ओरडू नका, ऐका. आणि पोराला स्पष्ट सांगा, यात तुझी चूक नाही. किंवा, हे तू केलंस तर ते चूक आहे. दोन्ही सांगायची तयारी आईची पाहिजे.

दुसरं. घरातली आपली जीभ तपासा. काळी आहे म्हणून हुंडा जास्त लागेल, अमक्या वस्तीतल्या पोरांबरोबर खेळू नकोस, हे पोरं ऐकतात. बाहुलीची गोष्ट आठवा.

तिसरं. शाळा व्यवस्थापन समिती. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका लागतात. बऱ्याच ठिकाणी बायकांची नुसती सही घेतली जाते. गटानं ठरवून बोलणाऱ्या मैत्रिणीला समितीत पाठवा. तिनं बैठकीत एवढंच विचारावं, वर्गात बसायची, झाडायची, पाणी भरायची पाळी कशी लावता? सावित्रीबाई आणि बाबासाहेबांच्या जयंतीला भाषण होतं, हार घातला जातो, पण त्यांनी कशाविरुद्ध झगडा केला हे पोरांना कळेल असं सांगता का? चांगले शिक्षक या प्रश्नाची वाटच बघत असतात. असा शिक्षक तुमच्या गावात असेल, तर त्याला एकटा पडू देऊ नका.

क्लॉडेटच्या मागं शिकवणारे शिक्षक होते. सोवेटोच्या पोरांच्या मागंही एक शिक्षक होता, पण घरच्यांना उशिरा कळलं. आपल्या पोरांच्या मागं शिक्षकही असावेत आणि आपणही असावं, वेळेवर.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, रजिस्टर लिहून झालं, की दहा मिनिटं या विषयाला द्या. तुमच्या शाळेत काय चांगलं घडतंय, काय खटकतंय, ते आम्हाला कळवा. पोरांची नावं न घेता ते पुढच्या कार्यक्रमात वाचून दाखवू. तोवर सांभाळून राहा, पाऊस-पाण्याचे दिवस आहेत. नमस्कार.